दर पाडणं वेगळं, वस्तू सुधारणं वेगळं

कारखान्यात खर्च कमी करायची वेळ आली की पहिला फोन खरेदी विभागातून व्हेंडरला जातो: पाच टक्के कमी करा. व्हेंडर थोडी खळखळ करतो आणि तीन टक्क्यांवर तोडगा निघतो. हे तीन टक्के आले कुठून, हे कोणी विचारत नाही. कधी ते त्याच्या नफ्यातून येतात आणि वर्षभरात तो दुसरं गिऱ्हाईक बघतो. कधी ते प्लेटिंगच्या थरातून, पत्र्याच्या जाडीतून किंवा रबरात कालवलेल्या भुकटीतून येतात. दोन्ही वेळा वस्तू होती तिथेच राहते, नाहीतर एक पायरी खाली उतरते. तरी याला ‘कॉस्ट रिडक्शन’ म्हणायची पद्धत आहे आणि वर्षअखेरीस त्याचा तक्ता भिंतीवर लागतो.

चालू उत्पादन सुधारणं हे याहून फार निराळं काम. अनेकदा ते नवं उत्पादन काढण्यापेक्षाही अवघड असतं. नव्या वस्तूला मागचं ओझं नसतं. जुनीचे साचे तयार असतात, सुटे भाग दुकानांत पोचलेले असतात, जोडणीवाल्यांचे हात तिला सरावलेले असतात. यातलं काही न मोडता बदल बसवायचा असतो. त्या बदल्यात जुन्या वस्तूकडे एक भांडवल असतं: ती कुठे आणि कशी मोडते याची नोंद. दुरुस्तीला परत आलेल्या मालाची वही ज्या डिझाइन विभागाच्या टेबलावर नसते, तो विभाग अंदाजानेच काम करतो, मग संगणकावर कितीही महागडं सॉफ्टवेअर असो.

या कामाला शिस्त लावली ती एका खरेदी विभागातल्याच माणसाने, हे इथे सांगायला हवं. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये लॉरेन्स माइल्स या इंजिनिअरकडे १९४७ च्या सुमारास हे काम आलं. त्याआधी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेहमीचा माल मिळेना, म्हणून पर्यायी माल वापरावा लागला, आणि काही ठिकाणी तो स्वस्तही पडला व सरसही ठरला. हे योगायोगाने झालं. मुद्दाम घडवता येईल का, हा माइल्स यांचा प्रश्न होता. त्यांनी भाग बाजूला ठेवला आणि त्याचं काम पकडलं. रंगकामाच्या कन्व्हेयरखाली जमिनीवर घालायला ॲस्बेस्टॉसचे पत्रे हवे होते आणि ते मिळत नव्हते. हवेत कशाला, तर ठिबकणारा रंग झेलायला आणि आग पसरू नये म्हणून. ते काम न जळणारा स्वस्त कागद करत होता. अडलं ते कंपनीच्या आगीच्या नियमावर, कारण नियमात ‘ॲस्बेस्टॉस’ असं नावच लिहिलेलं होतं. नियम बदलायला कागद शोधण्यापेक्षा जास्त वेळ लागला. (ॲस्बेस्टॉस फुफ्फुसाला काय करतं ते पुढे जगाला कळलं, हा भाग वेगळा.) १९५४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजबांधणी विभागाने ही पद्धत ‘व्हॅल्यू इंजिनिअरिंग’ या नावाने उचलली आणि ती सगळीकडे गेली. पसरता पसरता तिचा अर्थ मात्र पातळ झाला. आज बऱ्याच ठिकाणी ‘व्हीई’ म्हणजे पुन्हा व्हेंडरला फोन.

कामावरून विचार करायचा म्हणजे काय, ते टेबलावर एक वस्तू उघडल्याशिवाय कळत नाही. मोटरच्या स्टार्टरसाठी लागणारी पत्र्याची पेटी घेऊ: ४०० बाय ३०० मिलिमीटर, खोली १५०. अंग आणि झाकण दोन्ही १.२ मिलिमीटर पत्र्याचं. अंगाच्या तोंडाशी आत वळवलेली २० मिलिमीटरची पट्टी. तिच्यावर धूळ-पाणी अडवणारं रबरी गॅस्केट बसतं आणि त्याच्या शेजारच्या जागेत झाकणाचे आठ स्क्रू. पेटीचे सगळे भाग सुटे करायचे, प्रत्येक भाग वजन करून ओळीने मांडायचा आणि पुढ्यात एक कागद ठेवून त्याचं काम दोन शब्दांत लिहायचं: धूळ अडवतो, भार पेलतो, झाकण दाबतो. दोन शब्दांत काम लिहिता आलं नाही तर तो भाग का आहे हे आपल्याला ठाऊक नाही, इतकं सरळ समजावं.

खर्च कमी करा म्हटलं की सगळ्यांची नजर आधी जाडीवर जाते. अंगाचा पत्रा १.२ चा १.० केला तर पेटीमागे साधारण अर्धा किलो लोखंड वाचतं. पण सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणजे १.० चा पत्रा १.२ च्या मानाने ५८ टक्केच ताठ. चारी बाजूंनी वळवलेल्या अंगाला हे चालून जातं, कारण तिथे घड्याच भार घेतात. मागच्या भिंतीवर एक उठावाची रेघ मारली की झालं. झाकण मात्र सपाट असतं आणि त्याला गॅस्केट दाबायचं असतं. ते १.२ चंच राहू द्यावं.

खरी बचत जाडीत नाहीच, ती कापणीत आहे. अंग उलगडलं की बेंडची (घडीपाशी पत्रा ताणला जातो त्याची) वजावट सोडून तुकडा होतो ७४० बाय ६४०. पत्रा येतो २५०० बाय १२५० चा. रुंदीत ६४० चे दोन तुकडे बसवायला १२८० लागतात, तीस मिलिमीटरने हुकतं. म्हणून एका पत्र्यातून अंगं निघतात तीनच. उरलेल्या रुंद पट्ट्यातून झाकणं निघतात खरी, पण गरजेपेक्षा जास्त, आणि ती पडून राहतात. आता आतल्या सामानाला जागा पुरते हे तपासून खोली १४५ केली आणि तोंडाची पट्टी २० ऐवजी १२ ठेवली, तर तुकडा होतो ७१४ बाय ६१४. रुंदीत दोन, लांबीत तीन, म्हणजे एका पत्र्यातून सहा अंगं. झाकणं १.२ च्या वेगळ्या पत्र्यातून कापायची, ४४० बाय ३४० ची पंधरा निघतात. तीस पेट्यांना पूर्वी दहा पत्रे लागत, आता पाच अधिक दोन, म्हणजे सात. व्हेंडरशी तीन टक्क्यांसाठी जी घासाघीस चालते, तिच्या पुढे ही गोष्ट कुठे बसते ते ज्याचं त्याने बघावं. आणि यात व्हेंडरचं एका पैशाचंही नुकसान नाही.

इथपर्यंत सगळं छान. आता बिघडतं कुठे ते. बारा मिलिमीटरच्या पट्टीवर गॅस्केट मावतं, स्क्रू मावत नाहीत. मग स्क्रू कोपऱ्यांत न्यावे लागतात. अंग कापताना कोपऱ्यातला जो चौकोन भंगारात जातो, त्यातच जीभ ठेवून ती आत वळवायची, जादा माल लागत नाही. आठाचे चार स्क्रू झाले, जोडणीचा वेळही उतरला. पण चारशे मिलिमीटरच्या बाजूला आता मधे कुठेच दाब नाही. गॅस्केट टणक रबराचं असेल तर ते झाकणाला मधोमध उचलतं आणि पाण्याच्या फवाऱ्याच्या चाचणीत पाणी नेमकं तिथूनच आत जातं. गंमत अशी की आठ स्क्रू ठेवून झाकण पातळ केलं तर पेटी चाचणीत टिकू शकते, जाड झाकणाला चार स्क्रू दिले तरी टिकू शकते. दोन्ही बदल एकत्र केले की गळते. वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या माणसांनी, एकेक बदल सुटा तपासून मंजूर केला की हीच गत होते. उपाय आहे: टणक रबराऐवजी झाकणात थेट ओतलेलं मऊ पॉलियुरेथेन फोमचं गॅस्केट. त्याला दाब कमी लागतो आणि कोपऱ्यावर जोडही राहत नाही, जुन्या पट्टी-गॅस्केटची गळती बहुतेक त्या जोडातूनच व्हायची. पण ते ओतायला मशिन लागतं. महिन्याला पन्नास पेट्या करणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये. त्याने लांब बाजूला मधे एकेक जीभ वाढवून सहा स्क्रू ठेवावेत.

अर्थिंगचं विसरायला होतं, म्हणून वेगळं सांगतो. पावडर कोटिंग वीज वाहून नेत नाही. आठ स्क्रूंपैकी एखाद्याने रंग खरवडून झाकण आणि अंग यांच्यात संपर्क साधला होता, हे कोणाच्याच ड्रॉइंगवर नव्हतं. ते आपोआप होत होतं. स्क्रू कमी झाले की तो आधार गेला. झाकणापासून अंगापर्यंत अर्थची तार आणि तिच्याखाली दातेरी वॉशर, हा खर्च वाढवावाच लागतो. जुन्या वस्तूत अशी न लिहिलेली कामं करणारे भाग असतात. भाग काढताना ‘याचं काम काय’ एवढं विचारून भागत नाही, ‘हा चुकून आणखी काय काय करतो’ हेही विचारावं लागतं.

भाग काढायचाच असेल तर जोडणी सोपी करण्याची पद्धत बसवणारे जेफ्री बूथरॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट यांची तीन प्रश्नांची चाळणी अजूनही सगळ्यात उपयोगी आहे. हा भाग शेजारच्या भागाच्या तुलनेत हलतो का? तो वेगळ्याच मालाचा असणं गरजेचं आहे का? बाकीची जोडणी किंवा उघडणी त्याला सुटं ठेवल्याशिवाय अशक्य आहे का? तिन्हींची उत्तरं ‘नाही’ आली तर तो भाग शेजाऱ्यात विलीन होऊ शकतो. ही चाळणी लावली की स्क्रू, वॉशर, ब्रॅकेट आधी गळतात. स्प्रिंग वॉशर काढायला मात्र माणसं घाबरतात. कंपनांत बोल्ट सैल होतो तो मुख्यतः जोडलेले पृष्ठभाग आडवे सरकल्याने, हे गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवलं, आणि त्या प्रकारच्या चाचणीत साधा चिरलेला स्प्रिंग वॉशर फारसा उपयोगी पडत नाही. बोल्ट टिकतो तो पुरेशा ताणाने. फ्लँज असलेला स्क्रू आणि टॉर्क (पिळण्याचा जोर) बांधून दिलेला ड्रायव्हर हा त्यावरचा उतारा. ड्रायव्हर न बदलता नुसता वॉशर काढला, तर आधीचा अंधविश्वास बरा होता म्हणायची पाळी येईल.

प्लास्टिकमध्ये हिशेब आणखी तिखट आहे. साच्यात माल थंड व्हायचा वेळ भिंतीच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. तीन मिलिमीटरची भिंत दोनवर आणली तर माल तिसऱ्या हिश्शाने कमी होतो आणि थंड होण्याचा वेळ निम्म्याच्याही खाली येतो. मशिनचा तास हाच ज्या भागाचा मोठा खर्च असतो, तिथे मालापेक्षा हा वेळच जास्त वाचवून देतो. ताठपणा मात्र तीस टक्क्यांवर येतो. म्हणून आतून रिब (आधाराच्या उभ्या पट्ट्या) द्यायच्या, आणि त्या भिंतीच्या निम्म्या, फार तर साठ टक्के जाडीच्या. जाड रिब दिली की बाहेरच्या बाजूला खड्डा दिसतो. पातळ भिंतीत माल टोकापर्यंत पोचत नाही, पोचला तर दोन प्रवाह भेटतात तिथे कमकुवत रेघ राहते, आणि ती नेमकी स्क्रूच्या बॉसपाशी (स्क्रू घुसतो त्या उंचवट्यापाशी) आली की भाग तिथेच फुटतो. आणखी एक गोष्ट खरेदीच्या कोष्टकात कधी दिसत नाही. तयार साच्यात रिब वाढवणं सोपं, पोलाद खोदलं की झालं. भिंत पातळ करायची म्हणजे साच्यात पोलाद भरावं लागतं. वेल्डिंग तरी करा, नाहीतर नवा इन्सर्ट बसवा. म्हणून भिंत पातळ करायचा विचार साचा जुना होऊन बदलायला आलेला असतानाच करावा. अधेमधे केला तर साच्याचा खर्च बचत खाऊन टाकतो.

बचत आणि गुणवत्ता ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली, असं मानणाऱ्यांसाठी सर्किट बोर्डावरचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा डबा) बघण्यासारखा आहे. त्याचं आयुष्य तापमान दहा अंशांनी उतरलं की साधारण दुप्पट होतं. १०५ अंशांना २००० तास असं छापलेला कपॅसिटर ८५ ला ८००० तास आणि ७५ ला १६००० तास टिकायला हवा. पुष्कळ बोर्डांवर तो हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) खेटून बसवलेला असतो, कारण लेआउट करणाऱ्याला तिथे ट्रॅक आखूड पडला. त्याला दहा-पंधरा मिलिमीटर लांब सरकवलं तर दहा अंश मिळू शकतात. पुढच्या बोर्डाच्या आवृत्तीत ही गोष्ट फुकट होते. उलट २००० तासांचाच, पण ८५ अंशांचा स्वस्त कपॅसिटर त्याच जागी लावला तर ७५ अंशांना तो ४००० तास टिकेल, म्हणजे अखंड चालणाऱ्या यंत्रात साडेपाच महिने. कारखान्याच्या शेवटच्या चाचणीत दोन्ही बोर्ड पास होतात. फरक कळतो तो ग्राहकाच्या घरी.

आणि वादाचा खरा मुद्दा इथे आहे. ग्राहकाला सांगता येईल असा बदल ही सुधारणा. सांगायची सोय नाही तो बदल ही कपात. ‘पेटीची खोली पाच मिलिमीटरने कमी केली’ हे माहितीपत्रकात छापता येतं. ‘कपॅसिटर हलका लावला’ हे छापता येत नाही. मोटरमध्ये तांब्याच्या वाइंडिंगऐवजी (तारेच्या गुंडाळीऐवजी) ॲल्युमिनियम लावण्यात मुळात काही गैर नाही. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के, म्हणून तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ साधारण १.६ पट घ्यावं लागतं, तिला जागा लागते, आणि टोकांच्या जोडांवर ऑक्साइड धरू नये म्हणून वेगळी काळजी घ्यावी लागते. हे सगळं केलं असेल तर पाटीवर लिहायला संकोच का वाटावा? लिहिलं जात नाही, कारण पुष्कळदा तार तेवढ्याच जाडीची ठेवलेली असते आणि वाढलेलं वीजबिल घेणाऱ्याच्या माथी मारलेलं असतं.

यावर नेहमीचं उत्तर असतं: लोकांना स्वस्तच हवं असतं, स्पर्धा आहे. स्पर्धा आहेच. पण घेणारा जी किंमत बघतो त्यात पाच वर्षांची वीज आणि दुरुस्ती धरलेली नसते, कारण ती त्याला कोणी दाखवत नाही. दीड किलोवॉटचा पंप दिवसाला सहा तास, वर्षात तीनशे दिवस चालला तर २७०० युनिट खातो. एकूण कार्यक्षमता ५० वरून ५५ टक्क्यांवर गेली तर तेवढंच पाणी साधारण २४५ युनिट कमी विजेत चढतं, दर वर्षी. इंपेलरचा (पंपातल्या फिरत्या चाकाचा) ओबडधोबड कास्ट पृष्ठभाग घासून नीट करणं आणि फट आटोक्यात ठेवणं यातून अशी वाढ निघू शकते. भागाचा खर्च थोडा वाढतो, वस्तूची किंमत ग्राहकाच्या हिशेबात उतरते. खरेदी विभागाच्या तक्त्यात मात्र हा बदल ‘वाढ’ म्हणून लाल रंगात दिसतो आणि तिथेच मरतो. एका भागाची टॉलरन्स (मापात चालणारा फरक) घट्ट केल्याने जोडणीतलं शिम (फट भरायची पातळ पट्टी) घालण्याचं काम उडतं, तेव्हाही हेच. भाग महागला, वस्तू स्वस्त झाली, पण भागाचा हिशेब एका खात्यात आणि जोडणीचा दुसऱ्या. वस्तूचा अख्खा हिशेब एका माणसाकडे द्या, निम्मे वाद संपतील.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र बदल अडवणाऱ्यांच्या बाजूने उभं राहायला हवं, असं स्पष्ट वाटतं. स्क्रूच्या जागी क्लिप आल्या, जोडणी झटपट झाली, ठीक. पण क्लिप एकदाच उघडते आणि दुसऱ्यांदा मोडते, किंवा आवरण चिकटवूनच टाकलं, तर वाचलेले चार स्क्रू पुढे अख्ख्या वस्तूच्या भंगारात वसूल होतात. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून वॉशिंग मशिन, फ्रिज यांसारख्या वस्तूंचे ठरावीक सुटे भाग काही वर्षं मिळायला हवेत आणि ते नेहमीच्या हत्यारांनी बदलता यायला हवेत, असं बंधन घातलं. क्लिप दहा वेळा उघडून-लावून टिकते की नाही ही चाचणी घ्यायला अर्धा तास लागतो. ती न घेण्याचं कारण वेळेची टंचाई हे नसतं, हे कोणीही ओळखेल.

बदल लपवण्याचा रोग इतका मुरलेला आहे की चांगला बदलही लपून होतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांचा इग्निशन स्विच चालत्या गाडीत किंचित धक्क्याने ‘बंद’कडे सरकायचा आणि एअरबॅगही निकामी व्हायची. २००६ मध्ये स्विच आतून सुधारला गेला, पण पार्ट नंबर तोच राहिला. त्यामुळे काही गाड्या नीट का वागतात आणि काही का नाही, याचा माग काढणाऱ्यांना वर्षानुवर्षं चकवा बसला. गाड्या परत बोलावल्या गेल्या त्या २०१४ मध्ये, आणि नुकसानभरपाईच्या प्रक्रियेत १२४ मृत्यू मान्य झाले. सदोष डिझाइन हा एक गुन्हा; नंबर न बदलणं हा दुसरा, आणि तो दुसरा रोज हजारो छोट्या कारखान्यांत घडतो, कारण नवा नंबर म्हणजे नवं कोष्टक, नवी मंजुरी, स्टोअरमध्ये नवा कप्पा.

नियम साधा ठेवता येतो. जुना भाग नव्याच्या जागी आणि नवा जुन्याच्या जागी दोन्हीकडे बिनधास्त चालत असेल तर नंबर तोच, नुसतं रिव्हिजनचं अक्षर पुढे. एका जरी बाजूने चालत नसेल तर नवा नंबर. पहिला लॉट पन्नासचा, त्यातले पाच नग मुद्दाम टॉलरन्सच्या दोन्ही टोकांना बनवलेले, कारण मधोमध बनवलेले नमुने कधीच काही शिकवत नाहीत. जुन्या आवृत्तीचे दोन नग बिनवापरता कपाटात, तक्रार आली की शेजारी ठेवून बघायला. आणि ते रिव्हिजनचं अक्षर ड्रॉइंगवर न थांबता वस्तूच्या पाटीवर, सीरियल नंबरच्या शेजारी, घेणाऱ्याला वाचता येईल अशा जागी. पाटीवर लेझर आधीच चालतो. त्याला एक अक्षर जास्त.